शेतातील सेन्सर, ठिबक नियंत्रकासाठी मोडेम कार्ड : यूएसबी अडॅप्टरवर जोडणी, तपासणी आणि निगा

कोल्हापूर जिल्ह्यात ठिबक स्वयंचलन, जमिनीतील ओलावा मोजणारे सेन्सर, छोटी हवामान केंद्रे आणि नदीकाठच्या मोटरींवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणा बसवण्याकडे ऊस उत्पादकांचा कल वाढतो आहे. या सर्व यंत्रणांना शेतातून माहिती बाहेर पाठवण्यासाठी इंटरनेट लागते. शेतात वायफाय नसते, टेलिफोनची तार नसते. त्यामुळे सिम घालून चालणारे ४जी मोडेम कार्ड यूएसबी अडॅप्टरवर बसवून ते नियंत्रकाला किंवा छोट्या संगणकाला जोडले जाते. जोडणी अवघड नाही. मात्र बहुतांश यंत्रणा कार्ड खराब झाल्यामुळे नव्हे, तर अपुरा वीजपुरवठा, चुकीचा बँड आणि उसात बुडालेला अँटेना या तीन कारणांनी बंद पडतात. म्हणून खरेदीपूर्वीच या बाबी समजून घ्याव्यात.

थोडक्यात महत्त्वाचे

• मोटर फक्त चालू-बंद करायची असेल तर मोबाईल स्टार्टर पुरेसा आहे. सेन्सरची नोंद, व्हॉल्व्ह नियंत्रण किंवा कॅमेरा हवा असेल तरच मोडेम कार्डाचा विचार करावा.
• कार्ड घेताना खाच, बँड, वीज आणि अँटेना या चार गोष्टी जुळवाव्यात.
• संपूर्ण जोडणी आधी घरी टेबलावर तपासावी, मगच शेतात न्यावी.
• अँटेना आजच्या पिकाच्या नव्हे, तर पूर्ण वाढलेल्या उसाच्या वर असावा.
• रेंज गेली तरी मोटर सुरक्षित राहील अशी सोय नियंत्रकातच असावी.

वारणेचा अनुभव काय सांगतो?

शेतीसाठी बिनतारी संपर्काचा प्रयोग कोल्हापूरला नवा नाही. पन्हाळा तालुक्यातील वारणानगर येथील सहकारी समूहाच्या परिसरात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे त्यात होती. गावोगावी संगणक केंद्रे उभारून ऊस उत्पादकांना माहिती देण्याचा हेतू होता. प्रत्यक्षात या संगणकांचा उपयोग प्रामुख्याने ऊस, खते आणि पाण्याच्या नोंदींपुरता राहिला.

पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी याच नोंदी मोबाईलच्या एसएमएसवरून देण्याची पद्धत तयार केली. या प्रकल्पाचे नाव ‘वारणा अनवायर्ड’. सात गावांत आठ महिने चाचणी झाली. संगणकावर होणारी सर्व कामे एसएमएसवर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही हीच पद्धत अधिक सोयीची वाटली, असे त्यातून दिसले.

यातून घ्यायचा धडा साधा आहे. काम जेवढे आहे तेवढेच साधन वापरावे. ओलाव्याची नोंद म्हणजे एका एसएमएसएवढी माहिती असते. त्यासाठी महागडा संगणक आणि कॅमेरा शेतात ठेवण्याची गरज नाही.

यूएसबी अडॅप्टर नेमके काय करतो?

लॅपटॉपमध्ये किंवा औद्योगिक राउटरमध्ये बसणारे मोडेम कार्ड म्हणजे उघडी हिरवी पट्टी असते. तिला स्वतःची यूएसबी पिन नसते. अडॅप्टर म्हणजे या कार्डाची बैठक. तो तीन कामे करतो.

• कार्डावरील यूएसबीच्या दोन तारा बाहेरच्या यूएसबी पिनपर्यंत आणतो.
• यूएसबीचे ५ व्होल्ट उतरवून कार्डाला लागणारे साधारण ३.३ व्होल्ट देतो.
• सिमसाठी खोबण देतो.

अडॅप्टर कोणतेही भाषांतर करत नाही. म्हणजे कार्ड मुळात यूएसबीवर बोलणारे असेल तरच ते चालते. वायफायचे कार्ड दिसायला तसेच असते, पण ते बहुधा पीसीआय एक्सप्रेस या वेगळ्या मार्गाने चालते. ते या अडॅप्टरवर ओळखले जात नाही. नव्या लॅपटॉपमधून काढलेली काही ४जी आणि ५जी कार्डेही फक्त पीसीआय एक्सप्रेसवर चालतात. जुन्या बाजारातून कार्ड घेताना ही खात्री अवश्य करावी.

खरेदीपूर्वी जुळवायच्या चार गोष्टी

१) खाच
मोडेम कार्डे प्रामुख्याने दोन आकारांत मिळतात. जुना प्रकार मिनी पीसीआय एक्सप्रेस. त्याला ५२ पिना असतात. नवा प्रकार एम.२; यात ४जी कार्डाला ‘की बी’ नावाची खाच असते, तर वायफाय कार्डाला ‘की ए’ किंवा ‘की ई’. कार्ड आणि अडॅप्टर एकाच प्रकारचे असावेत. खाच जुळत नसेल तर जोर लावून कार्ड बसवू नये.

२) बँड
प्रत्येक मोबाईल कंपनी ठरावीक ध्वनिलहरींच्या नव्हे, तर रेडिओ लहरींच्या ठरावीक पट्ट्यांवर सेवा देते. या पट्ट्यांना बँड म्हणतात. जिओचे ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड ५, ३ आणि ४० वर चालते. बीएसएनएलच्या ४जीसाठी ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ महत्त्वाचा आहे. एअरटेलसाठी १, ३, ८ आणि ४० हे बँड पाहावेत.

एकाच नावाचे कार्ड वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या बँडचे बनते. उदाहरणार्थ, क्वेक्टेल ईसी२५ या कार्डाच्या नावापुढे ‘ई’ असेल तर त्यात १, ३, ५, ८, ४० आणि ४१ हे आपल्याकडे उपयोगी बँड असतात. नावापुढे ‘ए’ असेल तर ते अमेरिकेसाठीचे असून त्यात ४जीचे २, ४ आणि १२ एवढेच बँड आहेत. ते स्वस्त मिळाले तरी इथे निरुपयोगी ठरते.

फक्त २जी किंवा ३जी चालणारे जुने कार्ड घेणे टाळावे. जिओकडे २जी, ३जी सेवाच नाही आणि एअरटेलने ३जी सेवा २०२० मध्ये बंद केली आहे.

३) वीज
साध्या यूएसबी २ पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ पोर्टमधून ९०० मिलिअँपिअर वीज मिळण्याची हमी असते. मोडेम टॉवर शोधताना किंवा दूरच्या टॉवरशी बोलताना क्षणभर यापेक्षा जास्त वीज ओढतो. २जीवर हा झटका २ अँपिअरच्या आसपास जातो. त्या क्षणी व्होल्टेज पडते आणि मोडेम स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. घरी टॉवर जवळ असल्याने सर्व ठीक चालते आणि शेतात दर पाच मिनिटांनी संपर्क तुटतो, त्याचे हे नेहमीचे कारण आहे. त्यामुळे ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा स्वतंत्र पुरवठा देता येईल असा अडॅप्टर किंवा स्वतंत्र वीज असलेला यूएसबी हब वापरावा.

४) अँटेना
कार्डावर छोट्या गोल पितळी बटणांसारखी दोन किंवा तीन टोके असतात. ‘मेन’ लिहिलेले टोक मुख्य अँटेनाचे, तर ‘डायव्ह’ किंवा ‘ऑक्स’ लिहिलेले दुसऱ्या अँटेनाचे. ‘जीपीएस’ लिहिलेल्या टोकाला मोबाईलचा अँटेना जोडू नये. मिनी पीसीआय एक्सप्रेस आणि एम.२ कार्डांची टोके आकाराने वेगळी असतात, त्यामुळे केबल कार्डानुसारच घ्यावी. अँटेना न जोडता कार्ड सुरू करू नये.

घरी टेबलावर करावयाची जोडणी

• सिम आधी मोबाईलमध्ये घालून इंटरनेट चालते का ते पाहावे. सिमला पिन लावलेला असल्यास मोबाईलमधूनच काढावा. त्याच मोबाईलच्या सेटिंगमधून एपीएन लिहून घ्यावा. जिओसाठी तो ‘जिओनेट’, बीएसएनएलसाठी ‘बीएसएनएलनेट’ असा असतो. यंत्रात तो इंग्रजी लहान अक्षरांत भरावा.
• वीज बंद असताना सिम खोबणीत सरकवावे. कार्ड तिरके धरून खाचेत घालावे, खाली दाबावे आणि स्क्रूने बसवावे.
• दोन्ही अँटेना बोटाने हलके दाबून ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवावेत. ही टोके नाजूक असतात. वारंवार काढ-घाल टाळावी.
• आधी स्वतंत्र वीजपुरवठा सुरू करावा, मग यूएसबी केबल संगणकाला जोडावी. अर्धा मिनीट थांबावे.

विंडोज संगणकावर कार्ड ओळखले गेले तर ‘नेटवर्क आणि इंटरनेट’ या भागात ‘सेल्युलर’ अशी नवी ओळ दिसते. तेथे एपीएन भरला की जोडणी पूर्ण होते. रास्पबेरी पायसारख्या लिनक्स यंत्रात मोडेम मॅनेजर आणि नेटवर्क मॅनेजर हे दोन प्रोग्रॅम हे काम करतात. मोडेम मॅनेजर नसेल तर आधी बसवून घ्यावा. यूएसबीवरील उपकरणांच्या यादीत कार्डाचे नाव आले, पण मोडेम मॅनेजरला ते दिसत नसेल, तर दोष ड्रायव्हरचा असतो. यादीतच नाव नसेल, तर दोष वीज, केबल किंवा खाचेचा समजावा. एवढा फरक कळला तरी निम्मा वेळ वाचतो.

कार्डाला विचारायचे पाच प्रश्न

जवळपास प्रत्येक मोडेम कार्ड ‘एटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या छोट्या आज्ञा समजते. सिरियल टर्मिनल प्रोग्रॅममधून या आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्याव्यात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत. कार्ड एकाच वेळी तीन-चार पोर्ट उघडते. त्यांपैकी ज्या पोर्टवर पहिल्या आज्ञेला उत्तर मिळते तो आपला. मोडेम मॅनेजर चालू असेल तर तपासणीपुरता थांबवावा.

१) एटी : उत्तर ‘ओके’ आले म्हणजे कार्ड जिवंत आहे.
२) एटी + सीपीआयएन ? : उत्तर ‘रेडी’ आले म्हणजे सिम वाचले गेले. अन्यथा सिम उलटे बसले आहे किंवा पिन लावलेला आहे.
३) एटी + सीएसक्यू : पहिला आकडा ० ते ३१ मध्ये येतो. ही रेंज. ९९ आल्यास रेंज मोजता आलेली नाही.
४) एटी + सीईआरईजी ? : दुसरा आकडा १ असेल तर नोंदणी झाली. ५ म्हणजे रोमिंगवर नोंदणी, २ म्हणजे शोध सुरू, ३ म्हणजे नेटवर्कने नोंदणी नाकारली.
५) एटी + सीओपीएस ? : कोणत्या कंपनीच्या नेटवर्कवर आहे ते कळते.

तिसऱ्या प्रश्नाचा आकडा सर्वात उपयोगाचा. तो दोनने गुणून त्यातून ११३ वजा केल्यास डीबीएममधील रेंज मिळते. उदाहरणार्थ, आकडा १० आला तर उणे ९३ डीबीएम. शेतात २० किंवा अधिक आकडा असल्यास निर्धास्त राहावे. १० ते १९ मध्ये सेन्सरचे काम चालते. १० च्या खाली असल्यास अँटेनाची उंची किंवा सिमची कंपनी बदलावी. एकच आकडा पाहून निर्णय घेऊ नये. सकाळ, दुपार आणि रात्री अशा तीन वेळा नोंद घ्यावी.

ऊस वाढला की रेंज का जाते?

सुरू उसाची लागण जानेवारी-फेब्रुवारीत होते. त्या वेळी यंत्रणा बसवली तर रान मोकळे असते आणि पेटीवरचा छोटा अँटेनाही चांगली रेंज देतो. पावसाळ्यात ऊस डोक्याच्या वर जातो, पाने दाट होतात आणि सतत ओली राहतात. पाणी रेडिओ लहरी शोषते. लहरींची वारंवारता जितकी जास्त, तितका हा फटका मोठा. त्यामुळे २३०० मेगाहर्ट्झवरची रेंज आधी जाते, ७०० किंवा ८५० मेगाहर्ट्झची अधिक काळ टिकते. सप्टेंबरमध्ये यंत्रणा बंद पडली की शेतकरी कार्डाला दोष देतात. वास्तविक फेब्रुवारीत बसवलेला अँटेना तोवर फडात बुडालेला असतो.

• पूर्ण वाढलेला ऊस १० ते १२ फूट धरून अँटेना किमान १५ फूट उंचीवर असावा. जीआय पाइप बांधावर पक्का रोवावा.
• पेटी खाली आणि अँटेना वर ठेवून मध्ये लांब, बारीक अँटेना केबल वापरू नये. अशा ५ मीटर केबलमध्ये २३०० मेगाहर्ट्झवर निम्म्याहून बरीच जास्त शक्ती वाया जाते.
• त्याऐवजी कार्ड व अडॅप्टर छोट्या जलरोधक पेटीत वरच बसवावा आणि खाली यूएसबी केबल आणावी. यूएसबी २ केबल ५ मीटरपर्यंत चालते आणि तिच्यात रेंजचे नुकसान होत नाही. मात्र वीज वेगळ्या जाड तारेने द्यावी.
• पेटीतील केबल बाहेर पडण्याचे छिद्र तळाला ठेवावे. केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी पेटीत न जाता झोळावरून गळते.

गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा या डोंगराळ भागांत मधल्या टेकडीमुळे रेंज अडते. तेथे सिम घेण्यापूर्वी वेगवेगळ्या कंपन्यांचे मोबाईल घेऊन शेतात फिरावे. शिरोळ, हातकणंगलेच्या सपाट भागात अडचण मुख्यतः पिकाच्या उंचीची असते.

भारनियमनात वीज कशी टिकवावी?

शेतीपंपाच्या वाहिनीवर दिवसाचे काही तासच थ्री फेज वीज असते आणि ती कधी दिवसा, कधी रात्री येते. मोडेमला मात्र वीज नसतानाही जागे राहावे लागते. कारण वीज आली हा निरोपच तर त्याने द्यायचा असतो. म्हणून बॅटरी आणि सौर पॅनेल आवश्यक आहे.

छोटा संगणक आणि मोडेम मिळून सतत ५ वॉट वीज घेतात असे धरू. दिवसाला १२० वॉट-तास लागतील. आषाढात तीन दिवस ऊन पडले नाही तर ३६० वॉट-तास साठवण हवी. १२ व्होल्टवर ती ३० अँपिअर-तास होते. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नये, म्हणजे ६० अँपिअर-तासांची बॅटरी लागेल. हा खर्च लहान शेतकऱ्याला जड जातो.

हीच यंत्रणा दर १५ मिनिटांनी एक मिनीट जागी होऊन नोंद पाठवत असेल, तर दिवसाची गरज ८ वॉट-तासांवर येते. झोपेतील खर्च धरूनही १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी तीन दिवस पुरते. फक्त सेन्सरची नोंद हवी असेल तर हाच मार्ग निवडावा.

डेटाचेही तसेच. दर १५ मिनिटांनी एक छोटी नोंद पाठवली तर महिन्याला काही एमबी पुरतात. कॅमेऱ्याचे सलग चित्रण १ मेगाबिट वेगाने पाठवले, तर तासाला ४५० एमबी आणि दिवसाला सुमारे १०.८ जीबी डेटा जातो.

घरून शेतातील यंत्र का उघडत नाही?

मोडेमवर इंटरनेट चालते, पण घरच्या मोबाईलवरून शेतातील यंत्राचा पत्ता टाकला की ते उघडत नाही, ही सर्वसाधारण तक्रार आहे. मोबाईल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. त्यामुळे शेतातून बाहेर माहिती जाते, बाहेरून थेट आत येता येत नाही. यावर उपाय म्हणजे यंत्रानेच मध्यस्थ सर्व्हरशी संपर्क धरून ठेवणे. त्यासाठी एमक्यूटीटी किंवा व्हीपीएन पद्धत वापरतात. नियंत्रक विकत घेताना त्यात ही सोय आहे का, ते विक्रेत्याला आधी विचारावे. यंत्राचा मूळ पासवर्ड बदलल्याशिवाय त्याला मोटर जोडू नये.

मोटर मोडेमच्या भरवशावर सोडू नये

रेंज कधीही जाऊ शकते. मोटर चालू केल्यावर रेंज गेली आणि विहिरीतले पाणी संपले, तर बंद करण्याचा निरोप पोचणार नाही आणि मोटर कोरडी चालून जळेल. त्यामुळे पुढील बाबी पाळाव्यात.

• कोरडी मोटर, फेज गायब आणि जादा भार यांपासून संरक्षण स्टार्टरमध्येच असावे.
• नियंत्रकात कमाल वेळेची मर्यादा असावी. ठरलेले तास झाले की इंटरनेट असो वा नसो, मोटर बंद झाली पाहिजे.
• १५ मिनिटे संपर्क झाला नाही तर मोडेमची वीज तोडून पुन्हा देणारा रिले बसवावा. अडकलेला मोडेम बहुतेक वेळा एवढ्याने सुरू होतो.
• थ्री फेजच्या तारा आणि मोडेमच्या तारा वेगळ्या पेट्यांत असाव्यात. स्टार्टरची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

पावसाळ्यापूर्वीची तयारी

वळवाच्या पावसात विजा जास्त पडतात. अँटेनाच्या खांबाला अर्थिंग द्यावे आणि वीजपुरवठ्यावर सर्ज संरक्षक बसवावा. पंचगंगा, वारणा, दूधगंगा, वेदगंगा यांच्या काठी मोटर असेल तर पुराचा विचार करावा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठ पाण्याखाली गेला होता. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी इशारा पातळीकडे जाऊ लागताच पेटी काढून आणता यावी, यासाठी सर्व तारा प्लगने जोडलेल्या असाव्यात. पाणी चढू लागल्यावर पेटीसाठी नदीकाठी जाऊ नये. पेटीपेक्षा जीव मोलाचा आहे.

शेतात बसवल्यानंतरची तपासणी

• पहिले सात दिवस रोज रेंजचा आकडा नोंदवावा. ही नोंद पुढे तुलनेसाठी उपयोगी पडते.
• जून, ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा आकडा पाहावा. तो पाचपेक्षा जास्त घसरला असल्यास अँटेना वर घ्यावा.
• सिमच्या रिचार्जची शेवटची तारीख पेटीच्या आतील बाजूस लिहावी.
• दर दोन महिन्यांनी पेटी उघडून मुंग्या, ओल आणि गंजलेली टोके पाहावीत.
• कार्डाचा नमुना, एपीएन आणि पोर्ट क्रमांक कागदावर लिहून घरी ठेवावा. दुरुस्ती करणारा दुसरा असला तरी त्याला सुरुवातीपासून शोध घ्यावा लागत नाही.

रात्री-अपरात्री उसातून मोटरीपर्यंत जाताना साप, अंधार आणि उघड्या तारा यांचा धोका असतो. नीट बसवलेले मोडेम कार्ड यातील बऱ्याच फेऱ्या वाचवते. त्यासाठी कार्डाच्या किमतीइतकेच लक्ष वीजपुरवठा आणि अँटेनाच्या खांबाकडे द्यावे.